बर्फीचा फ्लू आणि सेक्रेटरीचा बोंबील

आमच्या सोसायटीत मांसाहार शिजवत नाहीत, आणि तशी विनंती करणारी नोटीस मी स्वतः लिहिलेली आहे.

विनंती म्हणजे नावालाच. विमा कंपनीत आयुष्यभर पत्रं लिहून माझ्या हाताला असं वळण लागलंय, की मी 'कृपया' लिहिलं तरी वाचणाऱ्याला ते 'खबरदार' असं ऐकू येतं. गिरगाव सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला आलो, तेव्हा इमारतीत बहुतेक घरं गुजराती आणि जैन होती. मी जन्माने शाकाहारी, आवडीनेही शाकाहारी. शिवाय मला शुद्धलेखन येतं. मग काय, एकमताने मला सेक्रेटरी करण्यात आलं. (दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.) चेअरमन आमच्या समोरच्या दारातल्या हंसाबेन, खजिनदार वरच्या मजल्यावरचे परब. परब मूळचे मालवणचे. माझी नोटीस लागल्यापासून ते दर रविवारी न चुकता बहिणीला भेटायला नायगावला जातात, आणि संध्याकाळी फार समाधानी चेहऱ्याने परत येतात. माणसाचं बहिणीवर इतकं प्रेम असावं, याचं मला नेहमी कौतुक वाटायचं.

अशा या घरात बर्फी आली. माझी मुलगी मुक्ता हाटकेशला एका कंपनीत नोकरी करते. तिथल्या एका गाळ्यामागे, भंगाराच्या ढिगात, तिला हे मांजरीचं पिल्लू सापडलं. पांढरं अंग, त्यावर केशरी ठिपके. हंसाबेननी तिला बघितलं आणि त्या म्हणाल्या, "अरे, आ तो बरफी छे!" नाव पडलं. मी मुक्ताला पहिल्या दिवशी 'हे घरात चालणार नाही' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बर्फी मीटिंगच्या इतिवृत्तावर झोपली होती आणि मी तिला उठवायला नको म्हणून पेन खाली ठेवून बसलो होतो.

बर्फी आमच्याकडे दूधपोळी खायची, दहीभात खायची, पनीर दिसलं की मागच्या पायांवर उभी राहून नाचायची. समोर हंसाबेनकडे जाऊन ढोकळा खायची. मी वार्षिक सभेत उठून अभिमानाने सांगितलं होतं, "आपल्या इमारतीतलं मांजरसुद्धा शुद्ध शाकाहारी आहे!" टाळ्या पडल्या होत्या. परबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, पण त्यांचा खांदा दुखत असेल असं मी धरून चाललो.

मग एका बुधवारी बर्फी शिंकली.

पहिल्या शिंकेला आम्ही हसलो. मांजर शिंकताना फार गंभीर दिसतं. गुरुवारी तिचे डोळे चिकटले. शुक्रवारी तिने पनीरकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं, तेव्हा माझी बायको शुभा म्हणाली, "अहो, हिचं काहीतरी बिनसलंय. पनीर सोडलं हिने!" मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मांजराचं कपाळ किती गरम असावं याची मला काहीच कल्पना नाही, पण हात लावल्यावर बरं वाटलं. म्हणजे मला.

मीरा रोडच्या एका दवाखान्यात आम्ही तिघं तिला घेऊन गेलो. डॉक्टर मुक्ताच्याच वयाच्या, बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी बर्फीचं तोंड उघडून टॉर्च मारला. आत जिभेवर लाल फोड होते. आतापर्यंत मी ही सगळी गोष्ट सर्दी म्हणून घेत होतो. ते फोड बघितल्यावर मी खुर्चीवर बसलो.

"लस कधी दिली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

मी छताकडे बघितलं. "ती घराबाहेर जातच नाही हो."

"ती जात नाही काका, पण तुम्ही जाता ना? व्हायरस तुमच्या चपलेवरून येतो, कपड्यांवरून येतो. बाहेरच्या मांजराला हात लावलात तर हातावरून येतो."

शुभाने तिथल्या तिथे वाकून माझ्या चपलांकडे पाहिलं. मुक्ताने माझ्या हातांकडे पाहिलं. (गेटवरच्या शिंकणाऱ्या बोक्याच्या डोक्यावरून मी येता-जाता हात फिरवतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.)

"खायला काय देता?"

हा प्रश्न माझ्या हक्काचा होता. मी सावरून बसलो. "शुद्ध शाकाहारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोण?"

"बर्फी."

"आणि हे तिला कोणी विचारलं होतं?"

मग डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. याला कॅट फ्लू म्हणतात. बहुतेक वेळा दोन व्हायरसांचं काम असतं, एक मांजरांचा हर्पीस आणि दुसरा कॅलिसी. एक नाक-डोळे धरतो, दुसरा तोंडात फोड आणतो. माणसांना यातलं काही होत नाही. त्याहून वाईट म्हणजे पॅनल्युकोपेनिया. त्यात अंगातल्या पांढऱ्या पेशीच संपतात, आणि लस नसलेली पिल्लं बघता बघता जातात. शिवाय मांजरांचा ल्युकेमिया आहे, आणि एफआयव्ही आहे, त्यात प्रतिकारशक्ती ढासळते. मी प्रत्येक नावाला मान हलवत होतो. माझ्या कामाची सवय अशी, की कुठल्याही आजाराचं नाव ऐकलं की मला आधी क्लेम दिसतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला फक्त मांजर दिसत होतं.

रक्ताचा थेंब घेऊन एका पट्टीवर तपासण्या झाल्या. लाल रेघ एक येते की दोन, हे बघत आम्ही तिघं त्या पट्टीवर ओणवे झालो. कोविडच्या दिवसांत असेच बसलो होतो. एकच रेघ आली. मोठे आजार नव्हते. शुभाने हात जोडले.

"पण आनंद नंतर करा," डॉक्टर म्हणाल्या. "हिने कधीपासून खाल्लेलं नाही? मांजर असं उपाशी राहू शकत नाही. हिचं लिव्हर बसेल. सोमवारपर्यंत खायला लागली नाही तर मला गळ्यातून नळी घालावी लागेल, आणि या अशक्तपणात भूल दिल्यावर काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"पण ती खात का नाही? भूक तर लागत असेल," मुक्ता म्हणाली.

"मांजर वासावर खातं. हिचं नाक बंद आहे, म्हणजे हिच्यासाठी जगात अन्नच नाही. तुम्हाला येईल तितका उग्र वासाचा पदार्थ द्या. गरम करून. मासे द्या. सुके बोंबील सगळ्यात चांगले, बिनमिठाचे. भाजायचे, कुटायचे, कोमट पाण्यात कालवून मऊ करायचे, कारण तोंड दुखतंय. आणि घरात उदबत्ती, धूप, नीलगिरीचं तेल, रूम फ्रेशनर काहीही लावायचं नाही. मांजरांना ते बाधतं, आणि ज्या वासावर ती खाणार तोच झाकला जातो. माणसांची तापाची गोळी तर चुकूनही देऊ नका. मांजर मरतं."

बोंबील! मी डॉक्टरांना आमच्या नोटिशीबद्दल सांगितलं. खाली सही माझी आहे, हेही सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'बोंबील.' खाली दोन रेघा मारल्या.

शनिवारभर आम्ही पळवाटा शोधल्या. मुक्ताने मांजरांच्या खाण्याची महागडी पाकिटं आणली. बर्फीने नाक लावलं, पण नाकच नव्हतं. आंघोळीच्या खोलीत गरम पाणी सोडून मी तिला वाफेत घेऊन बसलो. तिचं नाक थोडं मोकळं झालं, माझं पूर्ण मोकळं झालं. शुभाने कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर काढून तिच्या कानाला लावलं. आकडा अतिशय उत्तम आला, पण तो कान धरून ठेवणाऱ्या माझ्या बोटाचा होता. समोरच्या हंसाबेन तासातासाला दार वाजवून विचारत होत्या, "जोगळेकरभाई, बर्फीने काय खाधुं?"

"नाही हो हंसाबेन."

"मी मिठाई सोडली. ती खाईल ते दिवशी मी खाईन." असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. हंसाबेनना मिठाई किती प्रिय आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनाच याचं मोल कळेल.

रविवारी सकाळी बर्फी सोफ्याखाली जाऊन बसली. बोलावलं तर कान हलले नाहीत. अंगावरची लव चिकटून दोऱ्यासारखी झाली होती. मी पालथा पडून आत हात घातला, तर तिने माझ्या हाताला डोकं टेकवलं आणि तसंच ठेवलं. तिला उचलून वर घेतली, तर हाताला वजनच लागेना, इतकी ती हलकी झाली होती. मी मुक्ताला म्हणालो, "पिशवी दे." ती म्हणाली, "कसली?" मी म्हणालो, "झाकण असलेली."

बोंबील स्टेशनजवळच्या बाजारातही मिळतात, पण तिथे आमच्या इमारतीतलं कोणीतरी कोथिंबीर घेत उभं असणारच. म्हणून मी खारी गावात गेलो. एका घराच्या ओट्यावर एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, बोंबील आहेत का? बिनमिठाचे?"

"बोंबलाला मीठ कोन लावतं? उन्हात सुकवलेला हाय."

"वास चांगला येतो ना? म्हणजे... भरपूर?"

मावशींनी मला खालून वर पाहिलं. "समदी इचारतात, वास जास्त न्हाय ना? तू पयलाच वास पायजे म्हननारा. घरी कोन हाय, आजारी?"

"मांजर."

"मग इथंच भाजून देते," त्या म्हणाल्या. मला देवच भेटल्यासारखं झालं. भाजायचं काम गावात, खाण्याचं काम घरात, नियम अबाधित! त्यांनी चुलीवर काही बोंबील भाजले, कागदात बांधले, उरलेले तसेच दिले. मी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

"अंकल, मच्छी है क्या?"

"नहीं. दवाई है."

"किसकी?"

रस्त्याचं खोदकाम चालू होतं. रिक्षा अडली ती अडलीच. घरी पोचेपर्यंत पुडी गार झाली. तरी शुभाने घाईघाईने बोंबील कुटला, पाण्यात कालवला आणि वाटी बर्फीपुढे ठेवली. बर्फीने डोळे मिटून घेतले.

"गरम हवं म्हणाल्या होत्या डॉक्टर," मुक्ता म्हणाली.

मी गॅसकडे पाहिलं.

"अहो, नोटीस तुम्ही लिहिलीये," शुभा म्हणाली.

"माहीत आहे मला."

"खाली सही तुमची आहे."

"शुभा, तवा दे."

"कुठला? पोळ्यांचा?"

"धिरड्यांचा जुना आहे ना, तो दे!"

आमच्या सात पिढ्यांत कोणी बोंबील भाजलेला नाही. तो भाजला गेला हे कसं ओळखायचं, याचा अंदाजही मला नव्हता. म्हणून मी तो काळा होईपर्यंत वाट बघितली. दारं, खिडक्या सगळं बंद केलं. फक्त स्वयंपाकघरातल्या पंख्याचं भोक तेवढं राहिलं. ते भोक उघडतं इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये, आणि त्या डक्टमध्ये उघडतं प्रत्येकाचं स्वयंपाकघर. रविवारची दुपार. घरोघरी आमरस-पुरी!

पहिल्यांदा माझा फोन वाजला. मग मुक्ताचा. सोसायटीच्या ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडायला लागले, आणि मुक्ता ते मोठ्याने वाचायला लागली.

"'ये कौन मच्छी बना रहा है?' 'छठे माले तक बदबू आ रही है.' 'सेक्रेटरीसाहेब, कृपया लक्ष द्यावे.' 'मेहमान खाने पर बैठे हैं, क्या करें?' 'सेक्रेटरी सर सो रहे हैं क्या?'"

मी झोपलो नव्हतो. मी एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन उभा होतो. पण सेक्रेटरीचं कर्तव्य टळत नाही. अंगठा पुसला आणि टाइप केलं: 'तक्रारींची नोंद घेण्यात आली आहे. वासाच्या उगमाचा शोध सुरू आहे.' खाली नाव घातलं. ते वाक्य अजून ग्रुपवर आहे.

लगेच हंसाबेनचा फोन. "जोगळेकरभाई, तुमच्या घरी पण वास येते?"

"येतो, हंसाबेन. भरपूर येतो."

"बिचारे! एक तर बर्फी आजारी, आणि वरून हे! तुमी काळजी करू नका. परबभाई आज नायगाव नाय गेले, मी आणि ते वरून एक-एक फ्लोर चेक करत खाली येते. तुमी बर्फी पाशे बसा."

ही बाई आमच्या अगदी समोर राहते. वास सगळ्यात जास्त तिच्या घरात. आणि तिच्या मनात आमचं नाव स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी तर बोंबील विकत घेतानाही वाटली नव्हती.

पण लाजायला वेळ कुठे होता! वरच्या मजल्यावरून बेलचे आवाज यायला लागले. मी बोंबील खलबत्त्यात कुटला, कोमट पाणी घातलं, वाटी घेऊन बर्फीसमोर जमिनीवर मांडी घातली. वाटीतून वाफ येत होती. शुभाने नाकाला ओढणी बांधली होती. मुक्ताने कोविडमधला मास्क शोधून तोंडावर चढवला होता. वास एवढा की माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बर्फी मात्र शांत.

मी बोटावर थोडं घेऊन तिच्या नाकाला लावलं. तिने ते चाटलंसुद्धा नाही. पंजाने पुसून टाकलं.

"बाबा, ती जाणार का हो?" मुक्ता म्हणाली.

पंचविशी ओलांडलेली मुलगी. लहान होती तेव्हा घास भरवताना तोंड घट्ट मिटून बसायची, तसाच तिचा चेहरा झाला होता. आणि मला तेच सुचलं. मुलगी खात नसली की मी काय करायचो? मीच एक घास खायचो! 'हे बघ, बाबांनी आम केलं! संपलं हं, बाबाच सगळं खाणार!' की लगेच तोंड उघडायचं.

मी वाटीत बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

"अहो!" शुभा ओरडली.

"हे बघ बर्फी. बाबांनी आम केलं."

बर्फीने एक डोळा उघडला. पण कालवलेलं काही तिला दिसत नसावं. म्हणून मी तव्यावरचा एक अख्खा बोंबील उचलला आणि दातांत धरला, अर्धा आत, शेपटी बाहेर. दोन्ही हात जमिनीवर टेकून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि चावून दाखवला. "मम्मम्! छान छान! बाबा सगळं खाणार!"

आणि त्याच वेळी दार उघडलं. बेल वाजली होती म्हणे. मुक्ताने डोळे पुसता पुसता यांत्रिकपणे जाऊन दार उघडलं होतं. दारात हंसाबेन, नाकाला पदर. मागे परब.

मी हातापायांवर ओणवा, तोंडातून बोंबलाची शेपटी बाहेर. परबांनी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि हळूच म्हणाले, "बोंबील. जरासो करपलो आसा."

मी शेपटी थुंकून टाकायच्या बेतात होतो. खुलासा देणं आवश्यक होतं. वाक्यसुद्धा तयार झालं होतं. तेवढ्यात माझ्या ओठाला काहीतरी ओलसर, खरखरीत लागलं.

बर्फी माझी मिशी चाटत होती.

मघाशी बोट तोंडात घालताना आणि बोंबील चावताना मिशीला जे काही लागलं होतं, ते माझ्या श्वासाने गरम होतं आणि तिच्या नाकापासून एका केसावर होतं. ती थांबली. नाक फुरफुरलं. पुन्हा चाटलं.

"हालू नका!" हंसाबेन कुजबुजल्या. त्यांच्या नाकावरचा पदर गळून पडला होता. "जोगळेकरभाई, बिलकुल हालू नका!"

मी हललो नाही. गुडघे दुखत होते, पाठ दुखत होती, तोंडात बोंबील होता. बर्फीने मिशीची डावी बाजू साफ केली, मग उजवी. मग शेपटीचा वास घेतला आणि ती माझ्या दातांतून ओढून काढली. तोंड दुखलं असावं, कारण तिने ती टाकली आणि इकडेतिकडे पाहिलं. परब पायांतल्या चपला न काढता पुढे आले, वाकले, आणि वाटी अलगद तिच्यापुढे सरकवली.

बर्फीने खाल्लं. आधी जरा, मग थांबून, मग पुन्हा. त्या दुपारी आमच्या घरात माणसं उभी होती आणि वाटी चाटण्याचा आवाज तेवढा येत होता. मुक्ता रडत होती. हंसाबेन रडत होत्या. मीही रडत होतो, पण मी अजून ओणवाच होतो, त्यामुळे कोणाला दिसलं नसेल.

हंसाबेन डोळे पुसत घरी गेल्या. थोड्या वेळाने समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांच्या घरातून मिठाईच्या डब्याचं झाकण उघडल्याचा.

बर्फी आठवड्याभरात हिंडायला लागली. लस वेळेवर द्यायचं ठरलं, तिचं खाणंही डॉक्टरांनी बदलून दिलं. मी राजीनामा लिहिला. लिहिला चांगला होता. पुढच्या रविवारी संध्याकाळी विशेष सभा झाली, त्यात तो मी वाचून दाखवला, पण कोणी ऐकूनच घेतला नाही. सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"जोगळेकरसाहेब, तुम्ही खरंच खाल्ला?"

"दातांत धरला होता," मी म्हणालो.

"गिळला का?"

"गडबडीत लक्षात राहिलं नाही."

परब खाली मान घालून हसत होते. मग हंसाबेन उभ्या राहिल्या. "वास मला सहन नाय होत, हे खरा हाय," त्या म्हणाल्या. "पण जीव वाचते तर दोन घडी मी खिडकी बंद करेन. नियम जीवासाठी हाय ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र डॉक्टरांचं म्हणणं सभेपुढे ठेवणं माझं कर्तव्य समजलो: हर्पीसचा व्हायरस मांजराच्या अंगात जन्मभर लपून राहतो, आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे बर्फी पुन्हा कधीही शिंकू शकते.

तेव्हा ठराव झाला. मसुदा माझाच. 'श्री. जोगळेकर यांच्या मांजरीस शिंका येत असतील त्या दिवशी, शेजाऱ्यांना आगाऊ कळवून, औषधापुरते बोंबील भाजण्यास हरकत नाही.' एकमताने मंजूर. परब मध्येच उठून म्हणाले, "माका पण एक मांजर पाळूचा आसा," पण तो विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

त्या दिवशी रात्री जेवायला पडवळाची भाजी होती. पहिला घास घेतला आणि मला त्या रविवारच्या दुपारची चव आठवली. तेव्हा ती कळायला मी शुद्धीवरच नव्हतो. आता कळली. करपलेला असूनसुद्धा! शुभाने विचारलं, "काय झालं, मीठ कमी आहे?" मी म्हणालो, "नाही, ठीक आहे." आणि ताटाकडे बघत राहिलो.

त्याला आता बरेच दिवस झाले. बर्फीची तब्येत उत्तम आहे. डोळे स्वच्छ, नाक मोकळं, अंग भरलेलं. घरात सगळे खूश आहेत. मी रोज सकाळी तिच्याजवळ बसून, कुठे नाक वाजतंय का, याकडे अतिशय काळजीपूर्वक कान देतो. काहीही वाजत नाही.

परवाच्या रविवारी मात्र घरात एक खणखणीत शिंक ऐकू आली. हंसाबेननी समोरून खिडकी लावून घेतली, मुक्ताने ग्रुपवर सूचना टाकली, शुभाने निमूटपणे धिरड्यांचा तवा गॅसवर चढवला.

शिंक माझी होती. मी बर्फीकडे बोट दाखवलं.